मदत हवी आहे: बहिणीचं नर्सिंग अ‍ॅडमिशन, कॉलेजची मान्यता कशी तपासायची? (आज पाचच्या आत सांगा)

डिचोलीचा_मुलगा (सोमवार, सकाळी ११.२०)
धाकट्या बहिणीला बीएस्सी नर्सिंगला घालायचंय. बेळगावच्या पुढे एक कॉलेज आहे, तिथली सीट एक एजंट मिळवून देतो म्हणतो. आज संध्याकाळी पाचपर्यंत पन्नास हजार अ‍ॅडव्हान्स भरला नाही तर सीट दुसऱ्याला देणार असं त्याने सकाळी फोनवर सांगितलं. कॉलेज शंभर टक्के अ‍ॅक्रेडिटेड आहे म्हणतो. ते खरं की खोटं कसं कळणार? बाबा बँकेत जाऊन बसलेत. लवकर सांगा.

आबोली (११.३४)
कॉलेजचं नाव? बारावीला किती टक्के? बीएस्सी की जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा?

डिचोलीचा_मुलगा (११.३८)
बीएस्सी लिहिलंय की वर. ६१ टक्के आहेत. नाव इथे टाकत नाही, उद्या एजंट बघेल तर पंचाईत.

म्हापशेकर (११.४५)
आधी कॉलेजचा नॅकचा ग्रेड बघा, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था देते तो. माझ्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी आम्ही तेच बघितलं होतं. ए किंवा ए प्लस असेल तर डोळे झाकून पैसे भरा.

जुनी_सिस्टर (१२.०२)
म्हापशेकर, कृपा करून डोळे झाकायला सांगू नका. नॅकचा ग्रेड चांगला असला तर चांगलंच, पण नर्स म्हणून नोंदणी होणार की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली आणि चांगल्या पोरी कागदापायी अडकलेल्या बघितल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

नर्सिंगला तीन कागद बघायचे. पहिला, त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता. दुसरा, विद्यापीठाची संलग्नता. कर्नाटकात असेल तर बहुतेक राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, बंगळूर; अभिमत विद्यापीठाचं कॉलेज असेल तर त्यांचंच. तिसरा, इंडियन नर्सिंग कौन्सिल म्हणजे आयएनसी, तिच्या वेबसाइटवर राज्य आणि अभ्यासक्रम निवडून यादी बघता येते. आणि नीट ऐका: मान्यता कॉलेजला आहे एवढ्यावर भागत नाही. *या वर्षासाठी*, *या अभ्यासक्रमासाठी*, *इतक्या जागांसाठी* आहे का ते बघायचं. जीएनएमची परवानगी दाखवून बीएस्सीची मुलं घेतलेली मी बघितली आहेत. एजंटला सांगा, तिन्ही पत्रं आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ज्याच्याकडे खरे कागद असतात त्याला पाठवायला पाच मिनिटं लागतात.

बेळगाववाला (१२.१५)
आमच्याकडच्या कॉलेजांना उगाच बदनाम करू नका. गोव्यातली शेकडो मुलं इथे शिकून आज दुबईत आणि लंडनमध्ये नोकऱ्या करताहेत. आयएनसीच्या यादीत नाव नाही म्हणून कॉलेज बोगस ठरत नाही. आयएनसीला कर्नाटकातल्या कॉलेजांना मान्यता द्यायचा अधिकार आहे का यावरून २०१७ साली हायकोर्टाचा निकाल लागला होता. राज्य कौन्सिल आणि विद्यापीठ बघा, बास.

जुनी_सिस्टर (१२.२४)
निकालाचं मला माहीत आहे. पण पोरगी उद्या गोव्यात परत येणार, गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करून घेणार, तेव्हा कागद मागतील. बाहेरच्या राज्यात शिकलं तर आधी तिथल्या कौन्सिलात नोंदणी, मग इथे. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी गोवा कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन कॉलेजचं नाव सांगून विचारावं, मी प्रत्येकाला हेच सांगते. बेळगावात उत्तम कॉलेजं आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद पाच वाजताच्या मुदतीशी आहे.

कुंकळ्ळीचो_पात्रांव (१२.४१)
एवढी कटकट कशाला? जर्मनीला पाठवा. तिकडे नर्सिंगचं शिक्षण घेता घेता पगार मिळतो. बी१, बी२ या पातळीपर्यंत जर्मन भाषा शिकवा.

डिचोलीचा_मुलगा (१२.४४)
जर्मनीचं विचारलं नाही मी. पोरगी अजून पणजीला एकटी गेलेली नाही.

रायबंदर_७२ (१२.५८)
गोव्यातच का बघत नाही? बांबोळीला सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, बीएस्सी गोवा विद्यापीठाचं. पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं माहितीपत्रक वाचा, सगळे दाखले आणि तारखा त्यात असतात. आमच्या गोमेकॉचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचा वारसा १८४२ च्या पोर्तुगीजांच्या मेडिकल स्कूलपासूनचा आहे, तेवढा जुना अनुभव सोडून लोक घाट चढून का जातात कळत नाही.

म्हापशेकर (१३.०५)
गोमेकॉचा वारसा जुना, पण पार्किंगला जागा नाही. परवा सासऱ्यांना ओपीडीला नेलं तर गाडी हायवेपर्यंत मागे न्यावी लागली.

रायबंदर_७२ (१३.०९)
कदंबने जावं. पणजी स्टँडवरून बस मिळते.

आबोली (१३.१२)
पार्किंगसाठी वेगळा धागा काढा. डिचोलीचा_मुलगा, ६१ टक्के एकूण आहेत ना? मला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून किती ते सांगा. बीएस्सी नर्सिंगला या तिन्हींत मिळून किमान ४५ टक्के लागतात, इंग्रजीत पास व्हावं लागतं आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. मी स्वतः याच रांगेतून गेले आहे.

डिचोलीचा_मुलगा (१३.३०)
फिजिक्स ५६, केमिस्ट्री ५८, मॅथ्स ४९, जिऑलॉजी ७४. सायन्सच आहे.

आबोली (१३.३३)
बायोलॉजी?

डिचोलीचा_मुलगा (१३.३६)
बायोलॉजी नव्हतं. जिऑलॉजी घेतलं. आमच्याकडे पुष्कळ जण घेतात. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, २०१८ ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून परत सुरू होणार, परत सुरू होणार म्हणून घरात तेच बोलणं. म्हणून जिऑलॉजी. एजंटला मार्कशीट दाखवली आहे, तो म्हणाला चालतं.

जुनी_सिस्टर (१३.४२)
चालत नाही. बाबांना आत्ता फोन करून बँकेतून घरी यायला सांगा.

बायोलॉजी नसताना बीएस्सी नर्सिंगची सीट देतो म्हणणारा माणूस एक तर नियम जाणत नाही, नाहीतर जाणून फसवतो आहे. पहिलं वर्ष सरेल, पैसे जातील, आणि विद्यापीठ पात्रता तपासताना नाव बाहेर काढेल. हे तुम्ही सकाळीच लिहिलं असतंत तर दोन तास वाचले असते, पण असू दे, घरच्यांना जे रोजचं असतं ते सांगायचं सुचत नाही.

बेळगाववाला (१३.५०)
बायोलॉजी नसेल तर मीही म्हणेन, पैसे भरू नका. पण तिला जीएनएम करता येईल. तीन वर्षांचा कोर्स आहे, बारावी कोणत्याही शाखेची चालते, ४० टक्के आणि इंग्रजीत पास. नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं की पदवी हातात. माझ्या बहिणीने हेच केलं. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेलासुद्धा जीएनएमवाले बसतात, फक्त किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव लागतो.

आबोली (१४.०१)
पाच वर्षं घालवायची तर एक वर्ष थांबून बायोलॉजी का करू नये? एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, तिथून एकच विषय देता येतो आणि बीएस्सीच्या नियमात एनआयओएसला मान्यता आहे. मग चार वर्षांत थेट पदवी.

बेळगाववाला (१४.०८)
घरात बसून बायोलॉजी? प्रॅक्टिकलचं काय? एक वर्ष मोडलं की गोव्यात पोरीचं लग्न ठरवतात.

आबोली (१४.११)
माझं एक वर्ष मोडलं होतं. लग्न ठरवलं नाही कोणी. आज आयसीयूत आहे.

जुनी_सिस्टर (१४.२६)
दोघांचंही खरं आहे, भांडू नका. पण बायोलॉजी वेगळ्याने, दुसऱ्या बोर्डातून दिलं तर पर्वरीला तंत्रशिक्षण संचालनालयात ते कसं धरतात हे आधी विचारून घ्या, लेखी. तोंडी ‘चालतं’ आजच ऐकलंत.

आणि जीएनएमला जायचं ठरलं तर कॉलेज बघताना इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. कॉलेजचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं. आणि खाटा भरलेल्या हव्यात! एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण नुसतं कागदावर नसावं. मुलींना गाठून विचारा, सकाळी पोस्टिंगला कुठे जाता, बसने किती वेळ लागतो, नाइट ड्युटी करता का. माझ्या भाचीच्या कॉलेजात हॉस्पिटल नव्हतं. बसमध्ये दोन तास, वॉर्डात उभं राहायला तीन तास. पास झाली तेव्हा तिला कॅथेटर घालता येत नव्हता आणि पहिल्या नोकरीत ती रोज रडत घरी यायची. चूक तिची नव्हती. वर कॉलेजने मूळ मार्कशीट अडकवून ठेवली होती, सोडायचं तर चारही वर्षांची फी भर म्हणून. यूजीसीने २०१८ लाच मूळ दाखले ठेवून घ्यायला मनाई केली आहे, पण मुलगी एकटी परक्या गावात कोणाशी भांडणार? मूळ कागद दाखवायचे आणि परत आणायचे.

म्हापशेकर (१४.४०)
नॅकचं मला माहीत नव्हतं, सिस्टर. चुकीचं सांगितलं, माफ करा. पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, भाचीने घेतलं होतं. चौकशी करा.

शिरोडकर_काका (१५.१५)
आयएनसी जाऊन आता नवा नर्सिंग अँड मिडवायफरी आयोग येतोय म्हणे, २०२३ चा कायदा आहे. मग जुन्या नर्सना परत परीक्षा द्यावी लागेल का? माझी मिसेस मडगावच्या हॉस्पिसियो हॉस्पिटलातून नर्स म्हणून रिटायर झाली.

जुनी_सिस्टर (१५.२२)
काका, त्या रिटायर झाल्या आहेत तर त्यांनी आता आराम करावा.

डिचोलीचा_मुलगा (१७.५०)
बाबा दुपारीच घरी आले. एजंटला फोन करून तिन्ही पत्रं मागितली. म्हणाला कागद कॉलेजात आहेत, तुम्ही पैसे घेऊन या, बायोलॉजीचं आपण अ‍ॅडजस्ट करू. मी नको म्हटलं. मग ३० हजारही चालतील, सहा वाजता परत फोन करतो म्हणालाय, उचलणार नाही.

बहिणीला इथलं सगळं वाचून दाखवलं. ती गप्प बसली होती. मग म्हणाली, आजीला डायलिसिसला नेत होतो तेव्हा सुई कोण टोचणार हे आजी विचारून घ्यायची, एकाच सिस्टरकडे हात द्यायची. मला तसं व्हायचंय, एक वर्ष गेलं तर जाऊ दे. बाबांना जीएनएम बरं वाटतंय. अजून ठरलं नाही, पण उद्या आम्ही दोघं पर्वरीला जातो. तिथे नेमकं काय लेखी मागायचं, सिस्टर? आणि आबोलीताई, बायोलॉजीची प्रॅक्टिकल तुम्ही कुठे केलीत? सगळ्यांना देव बरें करूं.

आबोली (१८.०५)
माझं बायोलॉजी आधीपासून होतं, मी मार्क वाढवायला थांबले होते. पण प्रॅक्टिकल एनआयओएसच्या अभ्यास केंद्रात होतात. नाव घालतानाच विचारा, कोणत्या केंद्रात प्रयोगशाळा चालू आहे. बहिणीला माझा निरोप द्या, अकरावीचं पुस्तक आजच उघड म्हणावं, शरीरशास्त्राचे धडे आधी.

जुनी_सिस्टर (१८.२०)
पर्वरीला एक साधा अर्ज न्या, दोन प्रती. ‘बारावी गोवा बोर्ड, बायोलॉजी नंतर एनआयओएसमधून, बीएस्सी नर्सिंगला पात्र धरणार का?’ एवढं एकच वाक्य. एका प्रतीवर शिक्का घेऊन परत आणा. साडेनऊला पोचा, आणि बहिणीलाच बोलायला लावा.