मदत हवी आहे: जपानमधून जुने गेम कन्सोल आणताना काय तपासावं?

आठबिट

पुढच्या महिन्यात टोकियो आणि ओसाकाला जायचं आहे. सुपर फॅमिकॉम, सेगा सॅटर्न आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी (हातात धरून खेळायचा) असे तीन वापरलेले कन्सोल घ्यायचा विचार आहे. तिन्ही खेळण्यासाठीच हवेत. तिकडची वीज १०० व्होल्ट, आपली २३०, मग प्रत्येकाला ट्रान्सफॉर्मर लागेल का? दुकानात काय तपासावं? ‘जंक’ म्हणून, म्हणजे बिघडलेलं किंवा न तपासलेलं, स्वस्तात विकतात ते घ्यावं का? घरच्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

ओहम

आधी विजेचं बघू, कारण आणलेला कन्सोल पहिल्याच दिवशी जळतो तो इथेच.

सुपर फॅमिकॉमचा अडॅप्टर बाहेर असतो, एचव्हीसी-००२. तो १०० व्होल्ट घेतो आणि १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर देतो. त्याला ट्रान्सफॉर्मर शोधत बसण्यापेक्षा २३० व्होल्टवर चालणारा, ९ ते १० व्होल्ट डीसी, १ अँपिअरचा दुसरा अडॅप्टर घ्या. पिन ५.५ × २.१ मिमी आणि पिनचा मधला भाग ऋण. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांत मधला भाग धन असतो, म्हणून लेबलवरची गोलाची खूण पाहिल्याशिवाय लावू नका. अमेरिकेतल्या जुन्या एनईएसचा (निन्टेंडोचा आधीचा कन्सोल) अडॅप्टरही चुकून लावू नका. त्यातून डीसी नाही, एसी बाहेर येतो आणि आतला रेग्युलेटर जातो.

सॅटर्नचा पॉवर सप्लाय पेटीच्या आत आहे, त्याला १०० व्होल्टच द्यावे लागतात. इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरला पर्याय नाही. १०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) पुरतो. पिन बदलणारा ट्रॅव्हल अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. २३० आत गेले की फ्यूज उडतो, बरेचदा कपॅसिटरही फुटतो. हेअर ड्रायरसाठी विकतात ते हलके कन्व्हर्टरसुद्धा नकोत, त्यांचा आउटपुट इलेक्ट्रॉनिक वस्तूंना मानवत नाही. खरा ट्रान्सफॉर्मर हातात जड लागतो. हर्ट्झची काळजी मात्र करू नका. टोकियोत ५० आणि ओसाकात ६० हर्ट्झ आहे, त्यामुळे तिथलं यंत्र दोन्हींवर चालेल असंच बनवलेलं असतं.

एसपीचा जपानी चार्जरही १०० व्होल्टचा. तो दुकानातच राहू द्या आणि त्याच पिनची यूएसबी वायर घ्या.

जुनीकॅसेट

ओहम यांच्याशी सहमत. आता दुकानाबद्दल.

टोकियोचं अकिहाबारा आणि ओसाकाचं निप्पोनबाशी इथे माल भरपूर, पण पर्यटकांची गर्दी असल्याने भाव चढे. वेळ असेल तर शहराबाहेरची हार्ड ऑफची (जुन्या वस्तू विकणारी साखळी) दुकानं बघा. मालावरच्या चिठ्ठीवर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचा. ‘दोसा काकुनिन-झुमी’ असेल तर दुकानाने चालवून पाहिलेलं आहे. ‘होन्ताई नोमी’ म्हणजे फक्त कन्सोल, वायर-कंट्रोलर काही नाही.

चालवून बघायची सोय आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असते. सुपर फॅमिकॉममध्ये कॅसेट घालून दहा मिनिटं चालू ठेवा. चित्र काळं आलं तर लगेच मोडीत काढू नका, कॅसेटचे संपर्क मळलेले असू शकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने ते पुसा आणि पुन्हा बघा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा संपर्क गंजवतो. दोन्ही कंट्रोलरची भोकं आणि रिसेटचं बटण तपासा. पिवळं पडलेलं प्लास्टिक फक्त दिसायला वाईट, त्यावर भाव कमी मागता आला तर उत्तम.

सॅटर्नमध्ये गेमची डिस्क घालून एखादा व्हिडिओ अडखळत नाही ना ते बघा. अडखळला तर लेझर थकलंय. दर वेळी तारीख आणि भाषा विचारत असेल तर मागच्या झाकणाखालचा सीआर२०३२ बटण सेल संपलेला आहे, नवा घालायला मिनिटही लागत नाही. मागचा कॅसेटचा खाचा मात्र नाजूक. तिथे मेमरी कार्ट्रिज लावून ती ओळखली जाते का ते बघाच.

एसपीत बिजागरीला तडा आहे का, वरची एल आणि आर बटणं लागतात का, मागचं बॅटरीचं झाकण फुगलेलं आहे का, एवढं बघा. उजळ पडद्याचं एसपीचं मॉडेल, एजीएस-१०१, जपानमध्ये निघालंच नाही, तिथे एजीएस-००१ मिळेल. त्याचा प्रकाश समोरून पडतो, रंग फिके वाटतात.

आठबिट

खूप मदत झाली. जंक आणि टीव्हीचं राहिलं. आणि तिथले गेम जपानीतच असतील ना?

स्कॅनलाइन

हो, जपानीतच. एसपीला कुठल्याही देशाची कॅसेट चालते, सॅटर्नला तिकडच्याच डिस्क लागतात. सुपर फॅमिकॉममध्ये अमेरिकन कॅसेट आकारामुळे बसत नाही. म्हणून कमी मजकुराचे गेम निवडा: शर्यती, मारामारी, प्लॅटफॉर्म.

टीव्हीसाठी एव्ही-टू-एचडीएमआयचा स्वस्त डबा घेऊ नका. जुना कन्सोल २४० ओळींचं चित्र पाठवतो, तो डबा त्याला ४८० ओळींचं इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी पाठवणारं) समजून जोडतो. मग हलती चित्रं फाटतात आणि बटण दाबल्यावर उशीर होतो. जुन्या कन्सोलसाठीच बनवलेल्या रेट्रोटिंक-२एक्स या डब्याला कंपोझिट (पिवळ्या पिनची साधी वायर) आणि एस-व्हिडिओ (त्याहून स्वच्छ चित्र देणारी) दोन्ही चालतात, तुमच्या दोन्ही कन्सोलना तो पुरेल. ओएसएससी हा तसाच दुसरा डबा उत्तम आहे, पण त्याला कंपोझिट चालत नाही, आरजीबी किंवा कंपोनंट (रंग वेगवेगळ्या तारांतून नेणाऱ्या जोडण्या) लागतो. मग एक धोका लक्षात ठेवा: जपानी २१ पिनची आरजीबी वायर युरोपियन स्कार्ट वायरीसारखीच दिसते, पण जोडणी वेगळी आहे. अडॅप्टरशिवाय लावली तर यंत्र खराब होऊ शकतं.

जुनीकॅसेट

जंकवर परतावा नसतो. सोल्डरिंग येत असेल तर एसपी घ्यायला हरकत नाही. वरची काच आणि बाहेरचं कवच बदलता येतं. जंकमधला सॅटर्न नको, लेझरचा भरवसा नाही. गेम गिअर किंवा पीसी इंजिन ड्युओ हे दुसरे जुने कन्सोल मोहात पाडतील, पण त्यांचे आतले कपॅसिटर गळतात आणि बोर्डाचे मार्ग खाऊन टाकतात. सगळे कपॅसिटर बदलायची तयारी असेल तरच हात लावा.

करमुक्त नोंदणी असलेल्या दुकानात पासपोर्ट दाखवून, एकाच दिवशी ५,००० येन किंवा जास्त खरेदी केली, तर १० टक्के कर वाचतो. नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरून निघताना परतावा घ्यायची पद्धत येते आहे, तेव्हा विमानतळावर वेळ ठेवा. पावत्या जपा, परतल्यावर कस्टम्सने विचारलं तर किंमत दाखवता येते.

ओहम

पॅकिंगचं राहिलं. एसपीची बॅटरी आणि सुटे लिथियम सेल केबिन बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून. फुगलेली बॅटरी विमानात नेऊच नका, तिथेच जमा करा. सॅटर्नमधली डिस्क काढून ठेवा आणि पेटी कपड्यांच्या मधोमध ठेवा, झाकणावर वजन येऊ देऊ नका.