विंडोज ११ ची सुरक्षा आणि आमचे धडधाकट संगणक

डीटीपीवाला_सांगली:
दुकानात चार संगणक आहेत. २०१६ साली घेतलेले, इंटेल आय-५, सहाव्या पिढीचे. मध्यंतरी एसएसडी टाकली, रॅम १६ जीबी केली. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल सगळं यांच्यावरच निघतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या यंत्रांना दारातच अडवते.

एका रविवारी बसून एकेक अट तपासली. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं पीटीटी बंद होतं, ते चालू केल्यावर टीपीएम २.० ही गुपित किल्ल्या जपणारी सोय दिसायला लागली. डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची केल्यावर सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू झालं. शेवटी यादीत सगळीकडे हिरवी खूण, फक्त प्रोसेसरसमोर फुली. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, त्याखालचं काहीही नको.

मला हे चूक वाटतं. संगणक बाद ठरवला म्हणून कुणी तो भंगारात देत नाही, पॅच (सुरक्षेच्या दुरुस्त्या) नसतानाही तसाच वापरत राहतो. आमच्या गल्लीत आजही विंडोज ७ वर बिलं निघतात आणि त्याच यंत्रावर नेटबँकिंग चालतं. मग सुरक्षा वाढली कुणाची?

अॅडमिन_ठाणे:
दादा, तुमचा राग समजतो, पण प्रोसेसरची अट निराधार नाही. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय आहे. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरू पाहणारा कोड आधी एका वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात तपासला जातो, त्यामुळे ड्रायव्हरच्या (उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) वेशात येणारं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, अडतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच यासाठी मदत आहे. तुमच्या सहाव्या पिढीत ती नाही, तिथे सॉफ्टवेअरने नक्कल करावी लागते आणि वेग जास्त घटतो. उद्या डिझाइनचं कोरलड्रॉ अडखळलं की तुम्हीच ती सोय बंद कराल.

मी सर्व्हर सांभाळतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं, ते विसरलेलो नाही. ज्या भोकातून तो शिरत होता त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. पण नॉटपेट्या मेमरीतून पासवर्डही उचलायचा आणि त्यांच्या जोरावर पॅच केलेल्या यंत्रांतही घुसायचा. फक्त पॅच पुरत नाही हे तेव्हाच कळलं. म्हणून आता पासवर्डची गुपितं त्या बंदिस्त कप्प्यात ठेवतात.

निशा_आकुर्डी:
सर, पासवर्ड कप्प्यात ठेवणारी ती सोय, क्रेडेन्शियल गार्ड, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांसाठी आहे. सांगलीच्या दुकानात होम नाहीतर प्रो असणार. ते दादांच्या हिशेबात धरू नका.

आणि प्रोसेसरच्या मदतीचंच बघायचं तर यादी तुमच्या बाजूने बोलत नाही. एएमडीत ती मदत झेन २ या रचनेच्या प्रोसेसरपासून आली. रायझन २००० चे डेस्कटॉप प्रोसेसर त्याआधीचे, झेन प्लसचे. त्यांच्यात ती नाही, तरी ते यादीत आहेत. उलट इंटेलच्या सातव्या पिढीत ती आहे आणि ती पिढी जवळजवळ पूर्ण बाहेर. अपवाद केला तो आय-७ ७८२०एचक्यूसारख्या मोजक्यांचा, आणि हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. कसोटी सुरक्षेचीच होती तर रेघ अशी वाकडी का?

शिवाय २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच गेम खेळणाऱ्यांना सांगितलं की वेग हवा तर मेमरी इंटिग्रिटी बंद करता येईल, खेळून झालं की परत चालू करा. जी सोय वापरणाऱ्याने बंद केली तर चालते, तिच्यासाठी अख्खी पिढी बाद करणं मला पटत नाही.

अॅडमिन_ठाणे:
रायझनचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते. दर जुन्या प्रोसेसरवर दर महिन्याचा पॅच तपासून द्यायचा म्हणजे काय काम असतं ते मी जवळून बघतो.

लिनक्सप्रेमी_नाशिक:
चारही यंत्रांवर विंडोजऐवजी मिंट ही लिनक्स प्रणाली टाका. २०१६ चा आय-५ त्यावर छान पळेल आणि पॅच फुकट.

डीटीपीवाला_सांगली:
भाऊ, कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. डोंगलवर (यूएसबी किल्लीवर) चालणारं श्रीलिपी हे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आणि त्यात बांधलेल्या वीस वर्षांच्या फायली कुठे नेऊ? जुन्या गिऱ्हाइकाला मागच्या वर्षीचीच पत्रिका फक्त तारीख बदलून हवी असते. ती फाइल उघडलीच पाहिजे.

इथला एक तंत्रज्ञ रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बदल करून ११ टाकून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही.

अॅडमिन_ठाणे:
नको म्हणालात ते उत्तम. विंडोज १० चे वाढीव पॅच विकत मिळतात. व्यवसायांना तीन वर्षांसाठी, पहिल्या वर्षी एका यंत्राचे ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट.

डीटीपीवाला_सांगली:
म्हणजे ६१, १२२, २४४. एका यंत्राचे ४२७ डॉलर, चारांचे १,७०८. तीन वर्षांनी हातात तीच जुनी यंत्रं. त्यापेक्षा लग्नसराई उरकली की एक नवा घेतो. ईमेल, बँक, जीएसटी त्याच्यावरच. बाकी तिघांची नेटची वायर काढतो, फायली पेनड्राइव्हने नेऊ.

अॅडमिन_ठाणे:
वायर काढा, पण गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट त्या तिघांत घालू नका. विंडोज १० वर असले तरी त्यांना यापुढे पॅच नाहीत. आधी नव्यावर स्कॅन करा, फाइल उतरवून घ्या आणि पुढे न्यायला दुकानाचा वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. त्यावर लाल पट्टी चिकटवा, म्हणजे पोरं गोंधळणार नाहीत. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात.

डीटीपीवाला_सांगली:
लाल पट्टी आजच लावतो. पण त्या यादीबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. जुन्या पिढीला घ्यायचं नसेल तर सहाव्या-सातव्यावाल्यांना निदान पॅच तरी फुकट द्या, मेमरी इंटिग्रिटी नसली तरी चालेल.

निशा_आकुर्डी:
याला माझा पूर्ण पाठिंबा.