मदत हवी आहे : २००९ ची गाडी, सेल्फ मारला की नुसतं "टक", चालू झाल्यावर एबीएसचा (अँटी-लॉक ब्रेकचा) दिवा

नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, १ लाख १२ हजार किमी झालेत. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली आणि आता त्यांनाच आठवड्यातून दोनदा फुलेवाडीहून राजारामपुरीत फिजिओला न्यावं लागतं त्यामुळं गाडी ऐनवेळी बंद पडून चालत नाही, म्हणून जरा डिटेलमध्ये लिहितोय.

पावसानं जोर धरल्यापासून सकाळी चावी फिरवली की एकदाच टक होतं, मीटरचे दिवे मंद होतात आणि पुढं काहीच नाही. सलग टकटकटक नाही, एकदाच. चार-पाच वेळा केलं की कधीतरी एकदम चालू होते, काही झालंच नव्हतं अशी. मग एबीएसचा दिवा पाच-दहा मिनिटं राहतो, आणि रात्री हेडलाईट वायपर ब्लोअर सगळं चालू असताना सिग्नलला थांबलो की बॅटरीचा लाल दिवा बारीक लुकलुकतो. चेक इंजिन नाही.

बॅटरी आठ महिन्यांची आहे. मल्टिमीटरनं रात्रभर उभ्या गाडीवर १२.५ व्होल्ट, टक होतानाही १२.१ च्या खाली येत नाही, इंजिन चालू असताना १३.२. टर्मिनल घासून व्हॅसलिन लावलं, दोन दिवस बरी होती, परत तेच. गॅरेजवाला म्हणतोय सेल्फ गेला, अल्टरनेटरपण (बॅटरी चार्ज करणारा) उघडायला लागेल, दोन्ही मिळून साडेनऊ हजार.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. गुरुवारी गंगावेशीत अडकलो, एका टेम्पोवाल्या काकांनी जंपर दिला, म्हणजे त्यांच्या बॅटरीवरून वायरीनं करंट. दोन्ही चिमटे बॅटरीला लावले तर टकच. मग काकांनी काळा चिमटा काढून इंजिनच्या हुकाला लावला आणि पहिल्या चावीत गाडी चालू. सेल्फ गेला असता तर तेव्हाही चालू झाली नसती ना? खर्च करायला ना नाही, पण उगाच नको.

प्रतिसाद :
भावा, साडेनऊ हजार थांबव आधी. तुझं उत्तर त्या काळ्या चिमट्यातच आहे. बॅटरी उतरलेली असती तर सेल्फ मारताना व्होल्ट धाडकन पडले असते, तुझे १२.१ वर उभे आहेत म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. आणि मीटरचे दिवेही सोबत मंद होतात म्हणजे खराबी दोघांच्या सामाईक वायरीत, काळ्या बाजूला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव, एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकव, वरच्या पट्टीवर नको, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणालातरी चावी फिरवायला सांग. ०.२-०.३ पर्यंत चालतं, त्यापेक्षा बरंच जास्त आलं तर अर्थची, म्हणजे बॅटरीची काळी वायर गेली. एबीएसच्या युनिटला व्होल्टेज कमी मिळालं तरी दिवा लागतो, सेन्सरच्या मागं आत्ताच लागू नको. अल्टरनेटरचं व्होल्टेज ही काळी वायर बदलल्यावर मोज, १४ च्या आसपास आलं तर त्याला हात लावू नको.

अपडेट :
दादा, २.६ आलं! उद्यमनगरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेली, त्यांनी काळ्या वायरीचं रबर पट्टीपासून वीतभर ब्लेडनं चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवी पूड, चिमटीत धरलं की तारा तुटून हातात येत होत्या. वरून रबर एकदम चांगलं, त्यामुळं कुणाला शंकाच आली नाही. नवी वायर मजुरीसकट ४५० रुपये. आता चालू इंजिनला १४.१, चार दिवस झाले पावसातपण पहिल्या चावीत उठतेय आणि एबीएसचा दिवा लागून लगेच विझतो. आज बाबांनी स्वतः चावी फिरवून बघितली, खूप बरं वाटलं. मनापासून आभार.

आता लाल वायरपण त्याच वयाची आहे, ती अशीच तपासायची तर काड्या कुठं-कुठं लावू? बॅटरीची खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट, बरोबर?