बाइकवर बसणं सुखाचं व्हावं म्हणून काय काय हलवलंत? (अनुभव धागा)

मनगटाला मुंग्या येतात, मानेला रग लागते, कंबर धरते. यावर बाइकवाल्यांत पहिला सल्ला मिळतो तो 'जेल सीट घे' किंवा 'गाडीच बदल' असा. मला मनापासून वाटतं की त्याआधी पाना हातात घ्यावा. हँडल, सीट आणि फूटरेस्ट या तीन जागांवर आपलं शरीर टेकलेलं असतं. त्यातली एक हलवली की भार दुसरीकडे सरकतो, म्हणून थोडं थोडं आणि एका वेळी एकच बदलत गेलेलं बरं.

माझी उंची १७० सेंमी. माझ्या गाडीला क्लच लिव्हर जवळजवळ आडवा बसवलेला होता, त्यामुळे बोटं त्यावर ठेवायची तर मनगट वर मोडावं लागायचं. क्लॅम्पचे बोल्ट जरासे ढिले केले, सीटवर नेहमीसारखा बसलो आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ राहील इतका लिव्हर खाली फिरवला. आरसा त्याच क्लॅम्पवर असतो, तोही पुन्हा लावून घेतला. बस्स, एवढंच. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये आता हात बधिर होत नाही.

तुम्हीही लिहा. उंची, गाडी, काय हलवलं आणि ते हलवल्यावर दुसरीकडे काय बिघडलं, हेही सांगा.

गोदाकाठ
उंची १५३ सेंमी, क्लासिक ३५०. सीटची उंची ८०५ मिमी, म्हणून घेतानाच सगळे म्हणाले होते की पाय पुरणार नाहीत. पण पाय टेकणं नुसत्या उंचीवर नसतं, सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे त्यावरही असतं. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढे पाय वर राहतात.

नाशकातल्या एका सीटवाल्या काकांनी मला गाडीवर बसवलं, मांडीच्या आतल्या बाजूने खडूने रेघ मारली, रेक्झिनच्या पिना उपसल्या आणि हॅक्सॉच्या पात्याने टाकीजवळच्या दोन्ही कडा उतरत्या कापल्या. बुडाखालचा फोम मात्र काढू देईनात. "तिथलं कापलं तर तासाभरात खालचं टोचंल, ताई." आता दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात आणि सिग्नलला धडधड होत नाही. ज्या मुलींना 'तुला झेपणार नाही' असं ऐकवलं जातं, त्यांनी आधी अशा एखाद्या सीटवाल्याकडे जाऊन यावं.

पन्हाळ्याच्या_खाली
आमचं रोजचं दुधाचं काम. स्प्लेंडरला मागं दोन्ही बाजूंनी कॅन. भरलेल्या गाडीची शेपूट बसायची, हँडल हलकं लागायचं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायचा आणि मी सारखा हँडल वढून धरायचो. खांदे भरून यायचे. मागच्या शॉकअपला पाच खाचा असतात, त्यातली चढती खाच (स्प्रिंग जास्त दाबून धरणारी) लावून घेतली. दोन्ही बाजूला सारखीच लावायची, हे महत्त्वाचं. मोकळ्या गाडीला येताना दणके बसतात जरा, पण खांद्याचं दुखणं गेलं.

उंचाडा
१८८ सेंमी, हिमालयन ४११. हँडलखाली रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) टाकले. मनगट सुटलं, पण भार सगळा माकडहाडावर आला, म्हणून पुढे सीटचाही उतार कमी करून घ्यावा लागला.

रायझर टाकणाऱ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. काम झाल्यावर गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलला चालू ठेवा आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. माझ्या गाडीचं इंजिन एका टोकाला आपोआप चढत होतं, म्हणजे ॲक्सिलरेटरची वायर ताणली जात होती. यू-टर्नला असं झालं तर गाडी आपसूक पुढे झेपावेल. वायर दुसऱ्या वाटेने फिरवून घेतली. क्लचची वायर आणि पुढच्या ब्रेकचा पाइपही तसाच बघावा, आणि मूठ टाकीला घासत नाही ना तेही.

जाड रायडिंग बूट गिअर पेडलखाली शिरत नव्हता. पेडल गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दांडीचे दोन्ही लॉकनट ढिले करून दांडी फिरवली आणि पेडल थोडं वर घेतलं.

मळवाट
पल्सर २२०. क्लिप-ऑन हँडल आहे (दोन्ही मुठी पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर वेगवेगळ्या आवळलेल्या), वर घेता येत नाही. मान आणि तळहात दोन्ही दुखतात. काय करावं?

पाना_दहा
@मळवाट, हँडल हलत नाही तर हातावरचा भार कमी करा. टाकी गुडघ्यांनी धरा, कोपरं ढिली सोडा, मूठ आवळू नका. टाकीच्या बाजूला रबरी पॅड चिकटवून घेतलेत तर गुडघे घसरत नाहीत.

मागची_सीट
मी चालवत नाही, मागे बसते. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक लागला की मी पुढे घसरायचे आणि आम्हा दोघांचं वजन यांच्या मनगटांवर जायचं. आता एक हात मागच्या दांड्याला असतो आणि उतार आला की मी पाय फूटरेस्टवर दाबून बसते. घरी आल्यावर यांना हात चोळत बसावं लागत नाही. जोडीने फिरणाऱ्यांनी मागच्याचं बसणंही बघावं, ते कुणी बघतच नाही.

राइनकाठ
जर्मनीत हँडल किंवा रायझर बदलायचं तर त्या भागाचा मान्यतेचा कागद लागतो, नाहीतर तपासणी करून गाडीच्या कागदांवर नोंद. म्हणून मी आहे तेच हँडल क्लॅम्पमध्ये किंचित मागे फिरवलं. तेवढ्यानेही पाठ सरळ झाली.

पाना_दहा
पुन्हा लिहितो, कारण गॅरेजमध्ये हे वारंवार बघतो. मागच्या ब्रेकचं पेडल पायाला सोयीचं म्हणून खाली घेतात आणि ब्रेक लाइटचा स्विच तसाच राहतो. मग दिवा सतत पेटलेला असतो, नाहीतर पेटतच नाही, आणि मागून येणाऱ्याला आपण थांबतोय हे कळत नाही. पेडल हलवलं की स्विचही जुळवा, ड्रम ब्रेक असेल तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना ते बघा, आणि कुणालातरी गाडीमागे उभं करून दिवा तपासा.