घरी भरलेली खुर्ची : तुमचे अनुभव लिहा

बाबांची लिहायची खुर्ची माझ्याकडे आली तेव्हा सांगाडा पक्का सागवानी होता, पण बैठकीचं रेक्झिन चिरलेलं आणि आतल्या फोमचा पिवळा भुगा झालेला. टाकून द्यायला जीव होईना. दोन रविवार लावून घरीच केली. बैठक खालच्या चार स्क्रूंवर सुटी होते, हेही आधी माहीत नव्हतं. खरा वेळ गेला तो जुन्या पिना काढण्यात. चपटा स्क्रूड्रायव्हर खाली सारून उचकटायची, मग पकडीने ओढायची, अशा दीडशेच्या वर निघाल्या. रेक्झिनखाली एक हिरवं कापड आणि त्याखाली काथ्या निघाला. म्हणजे ही खुर्ची आधीही एकदा कुणीतरी भरली होती. कुणी, ते सांगायला आता घरात मोठं माणूस उरलेलं नाही.

ज्यांनी घरी खुर्ची भरली, विणली किंवा अर्ध्यात सोडली, त्यांनी लिहा. कापड किती लागलं, कुठे अडलं, सगळं.

ठाणे
माझी चाकांची, ऑफिसची खुर्ची. पहिल्यांदा दुकानात हाताला मऊ लागला तो फोम आणला. चार महिन्यांत मधोमध खड्डा पडला, खालचं प्लायवुड टोचायला लागलं. मग कळलं की मऊपणा नाही, डेन्सिटी विचारायची. ४० डेन्सिटी म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ४० किलो. आता खाली दोन इंच ४० चा आणि वर अर्धा इंच मऊ फोम आहे. दिवसाचे नऊ तास बसतो, अजून तरी बैठक दबलेली नाही.

सोलापूर
आजीची जुनी सोलापुरी चादर वापरली. रंग इतका सुंदर दिसतो की त्या खोलीत गेलं की आधी खुर्चीच दिसते. पण पहिल्या वेळी मी एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरीकडे ओढलं आणि चादरीचे पट्टे तिरके गेले. सगळं उसवलं. चारी बाजूंच्या मध्यावर आधी एकेक पिन मारायची, समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे यायचं, कोपरे सर्वांत शेवटी. विणीचं कापड कडेने सुटतं, म्हणून दोन इंच जास्त ठेवा आणि कड आत दुमडूनच पिन मारा.

नागपूर
आमची वेताची, जुन्या कचेऱ्यांत असायची तशी. विणायला शिकवलं ते एका अंध कारागीर काकांनी. वेत अर्धा तास पाण्यात भिजवायचा. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, मग दोन तिरप्या. ते बोटांनी भोकं मोजत आणि माझी चुकलेली पट्टी नुसत्या हात फिरवण्याने सांगत. वेत सुकताना आवळतो, म्हणून ओला असताना फार ताणू नको, असं त्यांनी तीनदा बजावलं. मला अकरा दिवस लागले. त्यांना दोन लागले असते.

रत्नागिरी
पावसाळ्यात रेक्झिन लावू नका. माझ्या बैठकीत ओल अडकून बुरशीचा वास सुटला. आता प्लायवुडला सात-आठ भोकं पाडली आहेत, वर सुती जाड कापड. वास गेला.

ठाणे
एक राहिलं. खुर्ची आपोआप खाली बसत असेल तर मधला गॅसचा दांडा अख्खा बदला. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, तो उघडायला किंवा भोक पाडायला जाऊ नका.

सोलापूर
ताई, त्या हिरव्या कापडाचं काय केलंत?

धुतलं, इस्त्री केली आणि वर्तमानपत्रावर पसरून त्याच मापाने नवं कापड बेतलं. कोपऱ्यांवर जुन्या घड्या तशाच राहिल्या होत्या. आधी मधली चुणी, मग दोन्ही बाजूंनी एकेक आत. मी तशाच घातल्या आणि चारी कोपरे पहिल्या फेरीत बसले.