33550336 : अंकांची बेरीज 28 आली म्हणून एवढं काय नाचायचं?

बायनरीबाबा: काल एकाने टाकलं की 33550336 ही 'पूर्ण संख्या' आहे, म्हणजे स्वतः सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज परत तीच, आणि तिच्या अंकांची बेरीज 28, तीही तसलीच, 'हा योगायोग असूच शकत नाही'. असू शकतो हो! आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पायात मोजतो. तीच संख्या बायनरीत, म्हणजे दोनच्या पायात फक्त 0 आणि 1 वापरून लिहा, 13 एक्के आणि पुढे 12 शून्यं, कारण ती 4096 गुणिले 8191 आणि 8191 मूळ संख्या. हे सोडून अंकांची बेरीज करत बसायचं म्हणजे अंकज्योतिषच की.

बेरीजवाली: 'एकाने' नाही, एकीने. मीच ती. तुम्ही कधी 25 विभाजक हाताने मांडलेत? 1, 2, 4 करत 4096 पर्यंतच्या तेरांची बेरीज 8191 येते आणि तोच पुढचा विभाजक, अंगावर काटा आला माझ्या. 1 ते 127 मधल्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही 33550336च येते, ते पण ज्योतिष का?

तळटीप: ते राहू द्या, 'पूर्ण संख्या' काय? 0, 1, 2, 3 या पूर्ण संख्या. ही परिपूर्ण. नववीत या एका शब्दापायी माझे दोन मार्क गेलेत, अजून विसरलो नाही.

आडवातिडवा: पूर्ण संख्या, पूर्णांक, पूर्णांकयुक्त अपूर्णांक, वर परिपूर्ण. नावं ठेवणाऱ्याला दुसरा शब्दच सुचला नाही का?

तळटीप: पूर्णांकात ऋण संख्या येतात, पूर्ण संख्येत नाही. एवढं सोपं आहे.

आडवातिडवा: सोपं होतं तर तुमचे दोन मार्क का गेले?

तळटीप: वैयक्तिक जाऊ नका.

बायनरीबाबा: अरे धागा कशाचा, चाललंय काय! घनांचं मान्य, ते कुठल्याही पायात खरं आहे. पण 28 चं ऐका. 6 सोडली तर प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला 9 ने भागून बाकी 1च उरते. संख्येला 9 ने भागून जी बाकी, तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही. म्हणजे आठ अंकी संख्येत अंकांची बेरीज 1, 10, 19, 28, 37, 46, 55 नाहीतर 64, एवढेच पर्याय. त्यात 28 लागला.

बेरीजवाली: 9 चं माहीत नव्हतं. बरं, तुम्ही हुशार. तरी आठातून 28च निघाला ना?

बायनरीबाबा: पुढची परिपूर्ण संख्या 8589869056. करा बेरीज.

बेरीजवाली: 64.

बायनरीबाबा: मग? 64 परिपूर्ण आहे?

बेरीजवाली: नाही. पण 2 चा सहावा घात आहे, आणि 6 परिपूर्ण 😌

बायनरीबाबा: हात जोडले.

तळटीप: 'सहावा घात' बरोबर लिहिलंत, आभार.