‘गॉडझिला मायनस वन’: युद्धाचा निषेध, की हरलेल्या युद्धाची दुसरी फेरी?

निळावंती

रसभंगाची सूचना आधीच देते. चित्रपटाचा शेवट खाली उघड केला आहे, कारण त्यावाचून माझा आक्षेप मांडता येणार नाही.

ताकाशी यामाझाकी यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘गॉडझिला मायनस वन’ 3 नोव्हेंबर 2023 रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला, मार्च 2024 मध्ये त्याला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले, आणि पुढे नेटफ्लिक्सवर आल्यावर आपल्याकडेही त्याची बरीच चर्चा झाली. या चर्चेत ‘युद्धविरोधी’ हे विशेषण सगळेच गृहीत धरतात. चित्रपट मलाही आवडला. विशेषण मात्र मला पटत नाही.

कथा थोडक्यात अशी. कोइची शिकिशिमा हा आत्मघाती हल्ल्यासाठी पाठवलेला वैमानिक 1945 मध्ये विमानात बिघाड झाल्याची बतावणी करून ओदो बेटावर उतरतो. त्याच रात्री तेथे गॉडझिला येतो, शिकिशिमाला गोळी झाडण्याचे धाडस होत नाही, आणि ताचिबाना या एका यंत्रज्ञाखेरीज तळावरचे सगळे सहकारी मारले जातात. बेचिराख टोकियोत परतल्यावर तो नोरिको ही तरुणी आणि अकिको ही पोरकी मुलगी यांच्यासह एका खोपटात दिवस काढू लागतो आणि समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या लाकडी बोटीवर नोकरी धरतो. बिकिनी बेटांवरील अमेरिकी अणुचाचणीनंतर अजस्र झालेला गॉडझिला गिन्झा उद्ध्वस्त करतो, नोरिको त्यात नाहीशी होते. शेवटी माजी नौसैनिक स्वतःच संघटित होऊन त्याला सागामीच्या उपसागरात खोल बुडवून झटक्याने वर आणण्याची योजना आखतात, आणि ती अपुरी पडते तेव्हा शिकिशिमा स्फोटकांनी भरलेले ‘शिनदेन’ विमान थेट त्याच्या जबड्यात घालतो.

माझा आक्षेप असा की, हरलेल्या सैन्याला येथे दुसरी, स्वच्छ लढाई बहाल केली आहे. माणसे तीच, विनाशिका त्याच, आत्मघाती उड्डाणही तेच. फक्त शत्रू असा निवडला आहे की ज्याला देश नाही, बाजू नाही आणि ज्याच्या मृत्यूचा हिशेब कोणी मागणार नाही. ‘युकिकाझे’ आणि ‘हिबिकी’ ही खऱ्या जहाजांची नावे आहेत. युद्धानंतर ही जहाजे परदेशी अडकलेल्या जपानी लोकांना मायदेशी आणण्याच्या कामावर होती आणि 1947 मध्ये भरपाईपोटी एक चीनकडे व दुसरे सोव्हिएत संघाकडे गेले. चित्रपट त्यांना पुन्हा रणात उतरवतो, आणि विजयी करतो. 1954 च्या मूळ चित्रपटातील सेरिझावा आपले भयंकर शस्त्र पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून समुद्रतळाशी स्वतःसह नष्ट करतो. तेथे विजयाचीच भीती होती. येथे विजय निखळ आहे, आणि मला तोच खटकतो.

काजवा

असहमत. आपण जहाजांकडे पाहिले, पण जहाजांवर चढण्यापूर्वीची सभा वगळली.

त्या सभेत नोदा हा योजनेचा कर्ता, पूर्वी नौदलासाठी शस्त्रनिर्मितीचे काम केलेला तंत्रज्ञ, जे बोलतो तो माझ्या मते या चित्रपटाचा कणा आहे. या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त केला, असे तो म्हणतो. रणगाड्यांना धड चिलखत नव्हते, पुरवठ्याकडे दुर्लक्ष झाल्याने सैनिक उपासमारीने आणि रोगाने मेले, लढाऊ विमानांत वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन नव्हते, आणि शेवटी तर मरणे हीच रणनीती झाली. म्हणून या वेळी एकाचाही बळी जाऊ न देण्यात अभिमान मानायचा. हा रोख बाहेरच्या शत्रूवर नाही, आपल्याच राज्यकर्त्यांवर आहे. पुढची गोष्टही ध्यानात घ्या: सक्ती नाही असे सांगितल्यावर काही जण उठून जातात, त्यांना कोणी अडवत नाही, आणि पटकथा त्यांची पुढे कोठेही टिंगल करत नाही. साम्राज्याच्या सैन्यात असे उठून जाणे शक्य होते का?

शिवाय यामाझाकी यांनीच 2013 मध्ये ‘द इटर्नल झीरो’ केला होता. त्यातला वैमानिकही जगण्याची इच्छा बाळगणारा, म्हणून भित्रा ठरवलेला. पण अखेर तो आत्मघाती उड्डाण करतो आणि मरतो. त्या चित्रपटावर आत्मघाती पथकांच्या उदात्तीकरणाची टीका झाली. दहा वर्षांनंतर त्याच दिग्दर्शकाने जवळजवळ तोच नायक घेतला आणि त्याला शेवटच्या क्षणी आसनासह विमानातून बाहेर काढले. याला दुसरी फेरी म्हणण्यापेक्षा दुरुस्ती म्हणणे न्याय्य ठरेल.

सागरगोटा

नोदाच्या भाषणातली माणसे कोण आहेत, याचीही नोंद घ्यावी. ती सगळी जपानी आहेत. जीव स्वस्त झाला तो जपानी सैनिकाचा. मलाया, ब्रह्मदेश, चीन, फिलिपिन्स येथे ज्यांचे जीव त्याहून स्वस्त ठरले त्यांचा या दोन तासांत उल्लेखही नाही. मराठी प्रेक्षकाने तरी ही उणीव सहज सोडू नये. मार्च 1944 मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे इंफाळकडे येणाऱ्या जपानी फौजांना भारतीय छत्रीधारी ब्रिगेडने काही दिवस रोखून धरले, आणि त्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियनही होती. अंदमानात 1942 ते 1945 या जपानी अमलाखाली नागरिकांचे जे छळ आणि हत्याकांड झाले ते तर आपल्याच भूमीवर झाले.

चित्रपटाने सगळा इतिहास सांगावा अशी अपेक्षा नाही. परंतु ज्या कथेचा विषयच युद्धातून उरलेली अपराधाची भावना आहे, तिच्या नायकाला केवळ आपल्या सहकाऱ्यांना वाचवता न आल्याची बोचणी असावी आणि आपण कोणत्या सैन्यात होतो याची मुळीच नसावी, हे मला सोयीचे वाटते.

काजवा

सांगशाकचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण इंफाळची मोहीम नोदाच्याच बाजूने साक्ष देते. त्या मोहिमेत जपानी सेनापतींनी पुरेशा रसदीशिवाय फौजा डोंगरांत घातल्या आणि माघारीच्या वाटेवर त्यांचे सैनिक हजारोंनी भुकेने व आजाराने पडले. अकिरा फुजिवारा या इतिहासकाराने, जो स्वतः चीनमध्ये लढलेला अधिकारी होता, युद्धातील जपानी सैनिकांच्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू उपासमार आणि तिच्यातून ओढवलेल्या रोगांमुळे झाल्याचा निष्कर्ष काढला आहे. लोकप्रिय चित्रपटातले पात्र हे भर सभेत बोलते, ही लहान बाब नाही.

आशियाबद्दलचे मौन मी नाकारत नाही. पण मौन आणि समर्थन यांत अंतर आहे.

टाचण

माझा आक्षेप राजकीय नाही, कथेचा आहे. गिन्झामध्ये स्फोटाच्या लाटेने डोळ्यांदेखत फेकली गेलेली नोरिको शेवटी रुग्णालयात पट्ट्या बांधून बसलेली सापडते, हे मला अजिबात मान्य नाही. तिच्या मृत्यूवर अर्धा चित्रपट उभा आहे. मृत्यूच काढून घेतल्यावर त्या शोकाचे काय करायचे?

निळावंती

@टाचण, येथे मात्र मी चित्रपटाची बाजू घेईन. नोरिकोच्या मानेवर चढत जाणारा तो काळा डाग आपण पाहिलात ना? शिकिशिमा ‘माझे युद्ध संपले’ अशा भावनेने तिला मिठी मारतो आणि त्याच क्षणी कॅमेरा प्रेक्षकाला सांगतो की तिच्या शरीरात काही तरी शिरलेले आहे. हिरोशिमातून आणि नागासाकीतून वाचलेल्या अनेकांच्या बाबतीत वाचणे हीच आजाराची सुरुवात ठरली. संपूर्ण चित्रपटात मला खऱ्या अर्थाने अस्वस्थ करणारी गोष्ट तेवढीच, आणि ती काही सेकंदांत आटोपते.

दुर्बीण

दृश्य परिणामांविषयी कोणीच बोलत नाही याचे आश्चर्य वाटते, कारण या वादातला महत्त्वाचा पुरावा तेथेच आहे. सुमारे 35 जणांच्या चमूने 610 दृश्यखंड तयार केले, आणि दिग्दर्शक स्वतःच त्या कामाचा प्रमुख होता. दिग्दर्शकालाच हे ऑस्कर मिळण्याची त्याआधीची घटना ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी स्टॅन्ली कुब्रिक यांची. कमी पैशांत कसे जमवले याचे कौतुक पुष्कळ झाले. काय दाखवायचे याची निवड त्याहून मोलाची आहे.

गिन्झाचा प्रसंग पुन्हा पाहावा. पाठीवरचे काटे एकेक करून बाहेर येतात, मग आत ओढले जातात आणि किरण सुटतो. आधी प्रकाश, मग घरे उडवत जाणारी धक्कालहर, मग उलट दिशेने आत ओढणारा वारा, वर छत्रीसारखा ढग आणि अखेरीस काळा पाऊस. हा क्रम अणुस्फोटाचा आहे, आणि त्याखाली शिकिशिमा चिखलात गुडघे टेकून ओरडत असतो. ज्याला या दृश्यानंतरही चित्रपट रणोत्सुक वाटतो, त्याने आपण काय पाहिले हे मला समजावून सांगावे.

मला जाणवलेली उणीव वेगळीच आहे. 1947 चे टोकियो अमेरिकेच्या ताब्यात होते. जनरल मॅकआर्थर यांचे मुख्यालय राजवाड्यासमोर होते आणि वृत्तपत्रे त्यांच्या परवानगीने छापली जात होती. पडद्यावर मात्र हे सैन्य जवळजवळ नाहीच. सोव्हिएत संघाशी तणाव वाढू नये म्हणून अमेरिका हालचाल करणार नाही, एवढ्या एका खुलाशावर पटकथा आपली वाट मोकळी करून घेते. बाँबचे दृश्य इतके अचूक रेखाटायचे आणि बाँब टाकणारा चौकटीत येऊच द्यायचा नाही, ही तडजोड मला खटकते.

मुक्काम पोस्ट

हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांच्या 2016 च्या ‘शिन गॉडझिला’शी तुलना केल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. 2011 चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना यांच्या सावलीत तो चित्रपट घडतो. त्यात प्राणी कमी आणि बैठका अधिक: कोणत्या खात्याने कोणत्या कलमाखाली आदेश काढायचा याची चर्चा चालू असताना शहर तुडवले जाते. सरकारी कार्यालयात कधीही खेटे घातलेल्या कोणालाही तो विनोद लगेच कळेल. आणि तरीही तेथे संकट निवारतात ते सरकारी अधिकारीच, यंत्रणेच्या आत राहून, साहित्य गोळा करून, गोठवणारे द्रव्य पंपाने त्या प्राण्याच्या तोंडात ओतून.

‘मायनस वन’मध्ये सरकारच गायब आहे. वरवर पाहता ही सरकारवरची टीका वाटते, पण ज्याच्याकडे जाऊन जाब विचारता येईल असा एकही चेहरा समोर नसल्याने ती हवेत विरते. सुमिकोचेच उदाहरण घ्या. साकुरा आंदोने साकारलेली ही शेजारीण हवाई हल्ल्यात आपली मुले गमावून बसली आहे, आणि युद्धातून परतलेल्या शिकिशिमाला पाहताच ती त्याच्यावरच तुटून पडते: तुम्ही लोकांनी आपले काम केले असते तर हे झाले नसते. तो राग खरा आहे, तिच्या जागी कोणीही तेच बोलले असते. पण तो राग एका सैनिकापाशीच थांबतो, वर कधी चढत नाही. पुढे ती अकिकोसाठी आपले तांदूळ देते आणि प्रकरण माणुसकीवर मिटते. त्यामुळे राजकीय धार पाहिली तर मी ‘शिन’च्या बाजूने, माणसे पाहिली तर ‘मायनस वन’च्या.

निळावंती

@काजवा, आपल्या दुरुस्तीच्या मुद्द्याकडे येते, कारण माझे मुख्य म्हणणे तेथेच आहे. शिनदेनमध्ये बाहेर पडण्याची सोय बसवली आहे हे ताचिबाना शिकिशिमाला उड्डाणापूर्वी सांगतो, पण पटकथा ते प्रेक्षकापासून लपवते. आपल्याला ते कळते स्फोटानंतर, मागे वळून दाखवलेल्या प्रसंगातून. म्हणजे त्या संपूर्ण उड्डाणात आपला घसा दाटून येतो तो कशामुळे? घरी ठेवलेली चिठ्ठी आणि पैसे, फलकावर खोचलेले नोरिकोचे छायाचित्र, मिटलेले ओठ: आत्मघाती पथकाच्या निरोपाची सगळी सामग्री तेथे मांडलेली आहे आणि आपण तिला शरण जातो. त्या निरोपातला थरार पुरेपूर वापरून घ्यायचा आणि मग ‘आम्ही तर त्याच्या विरुद्ध आहोत’ असे म्हणायचे, हे मला प्रामाणिक वाटत नाही. आसन आधी दाखवले असते तर थरार उणावला असता, पण विधान ठाम झाले असते.

काजवा

हा या चर्चेतला सर्वांत अवघड मुद्दा आहे हे मान्य करतो, तरी निष्कर्ष उलटा काढतो. प्रेक्षक त्या निरोपाला शरण जातो, म्हणूनच मागे वळून दाखवलेला प्रसंग त्याला लागतो. आपण एका माणसाच्या मरणाची वाट पाहत होतो, इतकेच नव्हे तर ते मरण आपल्याला सुंदर वाटू लागले होते, हे त्याला तेथे उमगते. आसन आधी दाखवले असते तर आपण सगळे सुज्ञ प्रेक्षक म्हणून बसलो असतो आणि आपल्यातही ती ओढ आहे हे कधीच कळले नसते.

आणि ती सोय कोणी बसवली ते पाहा. ओदो बेटावर शिकिशिमाच्या कच खाण्याने ज्याचे सगळे साथीदार गेले, ज्याने मृत साथीदारांनी जपलेली कुटुंबीयांची छायाचित्रे परतीच्या बोटीवर त्याच्या हातात कोंबली, तो ताचिबाना. सूडाचा हक्क कोणाला असेल तर त्याला. तोच ‘जग’ असे सांगतो. यात लष्कराचा सन्मान मला कोठे दिसत नाही.

सागरगोटा

आणि गॉडझिला विदीर्ण होऊन बुडत असताना जहाजांवरचे सगळे माजी नौसैनिक जो सलाम करतात, त्यात तरी दिसतो का? तो सलाम लष्करीच आहे.

काजवा

सलाम मारल्या गेलेल्या प्राण्याला आहे, ध्वजाला नाही, आणि त्याला बिकिनीत कोणी पेटवले हे ते जाणतात.

निळावंती

ते जाणतात असे आपण म्हणता. पडद्यावर बिकिनीचा स्फोट फक्त प्रेक्षकाला दाखवला आहे. त्या जहाजांवरच्या माणसांपैकी कोणी अमेरिकी अणुचाचणीचा जाब विचारल्याचे मला आठवत नाही. तसा एखादा संवाद आपल्या लक्षात असेल तर प्रसंगासह द्यावा, त्यावर पुढे बोलू.